शीतखोलीला थंडी बाधते तेव्हा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, डेहराडून येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेचे तिसरे पुष्प गुंफण्याचा मान मंडळाने आम्हांस दिला, याबद्दल आरंभीच आभार मानतो. पहिल्या पुष्पात आपण ज्ञानेश्वरीतील दृष्टांत ऐकलेत, दुसऱ्यात संगीत नाटकाचा सुवर्णकाळ पाहिलात, आणि आज तिसऱ्यात आपल्या वाट्याला शीतखोलीची निगा आली आहे. ही घसरण आमच्या ध्यानात आहे. त्यातून आम्ही पडलो बी.ए., तेही संस्कृत घेऊन. शीताशी आमचा अभ्यासक्रमातील संबंध ऋतुसंहारातील शिशिरवर्णनापुरता. पुढे केंद्र सरकारच्या सेवेत भांडार विभाग वाट्याला आला, आणि जी यंत्रे आम्हांस कळत नव्हती त्यांच्या कागदांवर सह्या करण्याचे काम तीस वर्षे केले. त्यातून जे काही कळले ते बहुतेक चुकांतून कळले. आज बोलावयाचे आहे तेही एका चुकीविषयीच.

विषय आम्ही निवडलेला नाही. तो कार्यकारिणीच्या गेल्या बैठकीत निर्माण झाला. आपणांस ठाऊकच आहे की, अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरामागे गेल्या रामनवमीपासून दोन शीतखोल्या उभ्या आहेत. एक आठ फूट बाय दहा फूट. तीत तापमान दोन ते चार अंशांवर ठेवावयाचे. दुसरी तिला लागून, सहा फूट बाय सहा फूट. ही उणे अठरा अंशांची. चारधामला जाणारे आपल्याकडचे यात्रेकरू वैशाखापासून दिवाळीपर्यंत येथे उतरतात, तेव्हा मोठ्या खोलीत दूध, पनीर, भाज्या आणि श्रीखंडाचा चक्का यांची दाटी असते. लहान खोलीत मटार असतात, मुंबईहून आलेली सुरमई असते, आणि भगिनी मंडळाने खोवून, पुड्या बांधून ठेवलेला ओला नारळ असतो. या शेवटच्या वस्तूचे मोल कोकणात राहणाऱ्यास कळावयाचे नाही.

दिवाळी सरली की यात्रेकरू थांबतात आणि मोठी खोली निम्मी रिकामी होते. बैठकीत खजिनदारांनी विजेचे बिल पुढे ठेवले आणि अत्यंत सरळ प्रश्न विचारला. डेहराडूनची पौषातील रात्र पाच-सहा अंशांवर येते, कधी त्याच्याही खाली. खोलीत हवे आहेत दोन ते चार अंश. मग रात्री नऊ ते सकाळी सात मोठ्या खोलीचा मेन स्विच बंद का ठेवू नये? माना डोलल्या. ठराव मंजूर होण्याच्या बेतात असताना आम्ही हात वर केला आणि म्हणालो की, याच जातीचा एक प्रस्ताव पूर्वी आमच्या सहीने मंजूर झालेला आहे. त्याची हकीगत ऐकावी आणि मग मत द्यावे. अध्यक्षांनी हकीगतीला व्याख्यानमालेत जागा दिली. आमचा अंदाज असा की, ठरलेल्या वक्त्यांचे पत्र त्याच दिवशी नकार घेऊन आले असावे.

प्रथम खजिनदारांची बाजू मांडतो, कारण ती जुनी आणि प्रतिष्ठित आहे. हिवाळ्याकडे थंडीची खाण म्हणून पाहण्याची रीत या उत्तर भारतात शतकानुशतकांची. सर रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादेकडे, म्हणजे आजच्या प्रयागराजकडे, बर्फ कसा करीत याचे वर्णन छापले आहे. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणावयाचे, त्यांत उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे यांचा जाड थर पसरावयाचा, आणि त्यावर मातीच्या कच्च्या, उथळ परळांच्या रांगा मांडून त्यांत पाणी भरावयाचे. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला, तर पहाटेपर्यंत परळांत बर्फ धरे. सूर्य उगवण्यापूर्वी तो खरवडून खोल खड्ड्यात ठासून भरीत आणि उन्हाळ्यात साहेबांच्या मेजावर तो पोहोचे. तेथे थंडी आकाशाकडून फुकट मिळत होती, फक्त राखावी लागे. तेव्हा खजिनदारांचा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हे. फरक एवढाच की, त्या खड्ड्यात यंत्र नव्हते.

आता यंत्राविषयी थोडे, आणि आम्हांस कळले आहे तेवढेच.

शीतखोली थंडी निर्माण करते असे आपण म्हणतो, ते बोलण्यापुरते. वस्तुतः ती आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. उचलण्याचे काम नळ्यांतून फिरणारा गॅस करतो. आतल्या कॉइलमध्ये तो द्रवाचा वायू होतो आणि तसे होताना खोलीतली उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबून भिंतीबाहेरच्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. तेथे पंख्याच्या वाऱ्याने तो उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो. तो द्रव एका अरुंद झडपेतून, जिला मिस्त्री एक्स्पान्शन व्हॉल्व्ह म्हणतात तिच्यातून, पुन्हा आतल्या कॉइलमध्ये शिरतो. हा द्रव झडपेतून रेटला जातो तो कंडेन्सरकडील दाबाने, आणि हा दाब बाहेरची हवा किती गरम आहे यावर ठरतो.

गच्चीवरच्या टाकीचा विचार करा. टाकी उंच आहे म्हणून तळमजल्याच्या नळाला धार येते. टाकी उतरवून जमिनीवर ठेवली तर पाणी तेवढेच असूनही नळ ठिबकू लागेल. आपली खोली ज्यांनी बसविली त्यांच्या डोळ्यांपुढे जूनमधली चाळीस अंशांची दुपार होती. झडप, नळ्या, पंखा सारे त्या दुपारच्या हिशेबाने. जानेवारीत बाहेर पाच अंश असताना तोच पंखा कंडेन्सरवर गार वारा घालतो, दाब कोसळतो, टाकी जणू जमिनीवर येते. मग विपरीत घडते. बाहेर गारठा वाढावा तशी खोली आतून ऊबदार होऊ लागते. कॉइलला द्रव पुरत नाही. तिच्या तोंडाशी तेवढा बर्फ साचतो आणि उरलेली कोरडी राहते. दाब फारच उतरला की कटआउट यंत्र बंद पाडतो, थोड्या वेळाने ते पुन्हा सुरू होते, पुन्हा बंद पडते. रात्री अतिथिगृहात झोपणाऱ्यांनी टक्-टक् असा आवाज ऐकल्याची तक्रार केली होती आणि ती आपण उंदरांच्या नावावर घातली होती. उंदीर निर्दोष आहेत.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या यंत्रातच आहे. दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की कंडेन्सरचा पंखा थांबवावयाचा आणि दाब चढला की चालू करावयाचा, एवढे काम करणारा एक लहानसा स्विच असतो. गेल्या रविवारी मिस्त्रींकडून झाकण उघडवून आम्ही तो पाहिला. त्याच्या दोन्ही तारा काढून एकमेकींस गुंडाळलेल्या होत्या. उन्हाळ्यात केव्हातरी पंखा थांबला असावा, आणि घाईत असलेल्या कोणा कारागिराने स्विचला वगळून पंखा सरळ जोडून दिला असावा. मे महिन्यात त्याने काही बिघडले नाही. बिल डिसेंबरात आले.

याच ठिकाणी आणखी एक सांगून ठेवतो, कारण यात मंडळाचे पैसे सर्वाधिक जातात. थंडीत खोली नीट गार होत नाही म्हणून मिस्त्रींना बोलवावे, ते दाबाचे घड्याळ लावतात, दाब कमी दिसतो, नळीवरच्या काचेच्या डोळ्यात पाहतात, बुडबुडे दिसतात, आणि निदान होते, “गैस कम है।” गॅस भरला जातो, दाब चढतो, सारे समाधानी होतात. पण गॅस कमी नव्हताच, हवा गार होती. तो जादा गॅस नळ्यांत तसाच राहतो आणि मे महिन्यात कंडेन्सरला पेलवत नाही. मग ऐन यात्रेच्या गर्दीत यंत्र बंद पडते आणि दुसरे मिस्त्री येऊन तो काढण्याचे पैसे घेतात. जाणता कारागीर थंडीत प्रथम कंडेन्सरचा काही भाग पुठ्ठ्याने झाकतो, दाब उन्हाळ्याइतका वर येऊ देतो, आणि मगच काचेत पाहतो. तपासणी झाली की पुठ्ठा काढतो. हे ‘काढतो’ महत्त्वाचे आहे. यंत्राला थंडी वाजू नये म्हणून ताडपत्री किंवा गोणपाट कायमचे गुंडाळून ठेवणारे सद्गृहस्थही आम्ही पाहिले आहेत.

आता आमची हकीगत.

वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. हिमाचल प्रदेशातील एका उंच ठिकाणी आमची बदली झाली होती. गावाचे आणि कार्यालयाचे नाव घेत नाही. दोष त्यांचा नव्हता. आमच्या ताब्यातील भांडारात औषधांची एक शीतखोली होती. धनुर्वाताची लस, इन्शुलिन आणि दोन ते आठ अंशांत राखावयाची अशीच काही औषधे तीत असत, आणि तेथून ती दूरदूरच्या चौक्यांवरील दवाखान्यांत जात. डिसेंबरात भांडारपालांनी टिप्पणी ठेवली की, बाहेरचे तापमान शून्याच्या आसपास असता यंत्र चालविणे हा अपव्यय होय. तरी मार्चपर्यंत मेन बंद ठेवण्यास अनुमती असावी. टिप्पणी उत्तम होती. मागील हिवाळ्याच्या बिलांचा तक्ता जोडलेला होता. आम्ही ‘मान्य’ असे लिहून सही केली. दहा सेकंदही लागले नसतील.

जानेवारीत सहा दिवस बर्फ पडला. शीतखोलीच्या भिंती पफच्या पॅनेलच्या असतात हे आपण पाहिले आहे. त्या उष्णतेला अडवितात तशाच थंडीलाही. पण भिंत काही कोणाला कायमचे अडवीत नाही. ती फक्त उशीर लावते, आणि सहा दिवस त्या उशिराला पुरून उरले. खोलीत या प्रसंगासाठीच एक लहान हीटर बसविलेला होता. आतले तापमान दोन अंशांखाली गेले की तो आपोआप चालू व्हावयाचा. तो त्याच मेनवर होता.

फेब्रुवारीत रस्ता मोकळा झाला, माल रवाना होऊ लागला, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या फार्मासिस्टबाई एक कुपी हातात धरून समोर उभ्या राहिल्या. धनुर्वाताची लस हलविली की दुधाळ, एकसारखी दिसते. या कुपीत फाटलेल्या दुधासारखे बारीक कण फिरत होते. बाईंनी विचारले, “साहेब, खोली कधी गोठली होती का?” आम्ही म्हणालो, शक्य नाही, नोंदवही पाहा.

त्यांनी नोंदवहीही पाहिली आणि परीक्षाही केली. ही परीक्षा साधी आहे आणि आजही जगभर तशीच करतात. त्याच खेपेतील एक कुपी मुद्दाम गोठवावयाची आणि वितळू द्यावयाची; मग ती आणि संशयित कुपी, दोन्ही एकदम हलवून शेजारी-शेजारी ठेवावयाच्या. गोठलेल्या लशीतला गाळ भराभर तळाशी बसतो, चांगल्या लशीतला बराच वेळ तरंगत राहतो. आमच्या मेजावर दोन कुप्या ठेवल्या गेल्या आणि दोघींचा गाळ बरोबरीने खाली उतरू लागला. ती पंधरा-वीस मिनिटे आम्ही अजून विसरलेलो नाही.

मग नोंदवही उघडली. रोज सकाळ-सायंकाळ तापमापक पाहून आकडा लिहावयाचा, असा नियम होता. बर्फाच्या सहाही दिवसांची नोंद होती. सकाळी चार अंश, सायंकाळी चार अंश. त्या दिवसांत भांडाराच्या दाराशी कमरेइतका बर्फ होता आणि तेथवर कोणीही गेलेले नव्हते. त्याच्या आधीच्या आठवड्यातही चार, नंतरच्याही आठवड्यात चार. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, साप्ताहिक तपासणीच्या चौकटीत, आमची आद्याक्षरे.

माल नष्ट करण्यात आला. रवाना झालेली खोकी तारा आणि बिनतारी संदेश पाठवून परत बोलावली. एक सोडून सर्व आली. त्या एका खोक्यातील कुप्या एका चौकीवर वापरून झाल्या होत्या. त्या गोठलेल्या होत्या की खोलीच्या उबदार कोपऱ्यातल्या होत्या, हे सांगण्यास काही मार्ग उरला नव्हता. ज्यांना ती टोचली त्या सर्वांना पुन्हा टोचावी असे पत्र आम्ही पाठविले. त्यातले तिघे तोवर दुसरीकडे बदलून गेले होते. त्यांच्यापर्यंत पत्र पोहोचले का, याचे उत्तर आमच्या निवृत्तीला थोडीच वर्षे उरली असतानाही आमच्याकडे नाही.

येथे जरा थांबून एक गोष्ट लक्षात आणून देतो. आज लशीच्या पुष्कळ कुप्यांवर एक लहान चौकोन छापलेला असतो. उष्णता फार लागली की तो काळवंडतो आणि कुपी टाकून द्यावी हे पाहताक्षणी कळते. फार उत्तम योजना. पण लस गोठली, तर तो चौकोन काहीच बोलत नाही. आपली सारी सावधगिरी उष्णतेविरुद्ध उभी आहे. थंडीने झालेली इजा पाहावयाची तर कोणीतरी कुपी हातात धरून हलवावी लागते. इन्शुलिनचे तर त्याहून अवघड: गोठून वितळलेले इन्शुलिन दिसावयास कित्येकदा निरोगी दिसते आणि गुण देत नाही. आपल्या मंडळातील ज्येष्ठांना विनंती की, घरच्या फ्रीजमध्ये ते बर्फाच्या कप्प्यालगत किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. हे विषयांतर झाले, पण सभागृहात ज्यांच्याकडे पाहून केले त्यांना ते कळले आहे.

त्या प्रकरणातली आमची दुसरी चूक अजून सांगावयाची आहे, आणि खजिनदारांच्या ठरावाशी खरा संबंध तिचाच आहे. कुप्यांचा निकाल लागताच आम्ही घाबरून हुकूम सोडला की, यंत्र ताबडतोब चालू करा. मेन ओढला गेला. कॉम्प्रेसर गुरगुरला, त्यात घणाचे चार घाव पडावेत असा आवाज झाला, आणि तो कायमचा थांबला. खालच्या गावाहून दोन दिवसांनी मिस्त्री आले. वय झालेले, फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी कॉम्प्रेसरवर हात ठेवला आणि म्हणाले, “साहब, मशीन को भी ठंड लगती है। आपने इसकी अँगीठी बुझा दी।”

ही अँगीठी म्हणजे कॉम्प्रेसरच्या पोटाशी बसविलेला एक छोटा हीटर. कॉम्प्रेसरच्या तळाशी तेल असते. त्यावर त्याचे सारे आयुष्य. यंत्र बंद असताना नळ्यांतला गॅस जेथे सर्वांत गार असेल तेथे जाऊन साचतो, जसे दमट हवेतले पाणी गार तांब्यावर येऊन बसते. हिवाळ्यात भिंतीबाहेरचा लोखंडी कॉम्प्रेसर हेच सर्वांत गार ठिकाण. गॅस तेथे जमतो आणि तेलात विरघळतो. मग एके सकाळी कोणी बटण दाबले की दाब एकदम उतरतो, आणि तेलातला गॅस दूध उतू जावे तसा फेसाळून वर येतो. फेसाबरोबर तेल नळ्यांत निघून जाते, बेअरिंगे कोरडी पडतात. आणि गॅस द्रवरूपातच वरच्या भागात शिरला तर व्हॉल्व्हच्या पट्ट्या तुटतात, कारण कॉम्प्रेसर वायू दाबू शकतो, द्रव दाबू शकत नाही. तो लहानसा हीटर तेल जरा कोमट ठेवतो म्हणून गॅस तेथे वस्तीला येत नाही. यंत्र फार दिवस बंद राहिलेच, तर चालू करण्यापूर्वी किमान बारा तास, शक्य तर चोवीस तास, हा हीटर चालू हवा. आम्ही दहा सेकंदांच्या सहीने तो विझविला होता आणि दोन महिन्यांनी एका क्षणाचीही सवड न देता यंत्र सुरू करविले होते.

आपल्या मोठ्या खोलीचा हा हीटर कोणत्या मेनवर आहे, ते रविवारी पाहून आलो. त्याच मेनवर आहे. रोज रात्री नऊला तो बंद आणि रोज सकाळी सातला, रात्रभर गारठलेल्या कॉम्प्रेसरला धक्का, असा ठराव आपण मंजूर करण्याच्या बेतात होतो. आमच्या हातून जे एकदा घडले ते मंडळाने हिवाळाभर रोज सकाळी केले असते.

आता खजिनदारांचा हिशेब. आपला हीटर साठ वॉटचा आहे, म्हणजे जुन्या पिवळ्या दिव्याएवढा. चोवीस तास चालला तर दिवसाला दीड युनिटही होत नाही. महिन्याला सुमारे त्रेचाळीस युनिटे. दुसरीकडे कॉम्प्रेसर स्वतःच हिवाळ्यात फार कमी वेळ चालतो, त्यामुळे बिल आपोआपच उतरते. आणखी उतरवावयाचे असेल तर जागा वेगळ्या आहेत. कंडेन्सरच्या पत्र्यांत पानगळीची पाने आणि तळणाचा तेलकट धुरळा यांची गादी झाली आहे. ती आत्ता, काम कमी असताना, मऊ ब्रशने आणि पाण्याने काढावी, मे महिन्यात नव्हे. दाराचे रबर थंडीने कडक होऊन खालच्या कोपऱ्यात सुटले आहे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज ओढता आली तर तेथून पैसे जात आहेत असे समजावे.

खोली खरोखरच बंद ठेवावयाची असेल तर तिलाही रीत आहे. उत्तर प्रदेशातील बटाट्यांची मोठी शीतगृहे फाल्गुनाच्या सुमारास भरतात आणि दिवाळीच्या मागेपुढे रिकामी होतात. हिवाळा हाच त्यांच्या यंत्रांच्या डागडुजीचा काळ. पण ते माल पूर्ण काढतात, गॅस टाकीत ओढून झडपा लावून घेतात, खोली धुऊन वाळवितात. आपणही चक्का आणि भाज्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये हलवून, मिस्त्रींकडून पंप डाउन करवून, दार जरा उघडे राहील अशी लाकडी पाचर मारून फेब्रुवारीपर्यंत खोली मिटू शकतो. दार घट्ट लावून बंद ठेवली तर आत काळी बुरशी धरेल. आमचे मत विचाराल तर संक्रांतीचे हळदीकुंकू आणि माघातली तीन लग्ने पाहता खोली चालू ठेवावी. तरीही हे मत एका बी.ए. माणसाचे आहे.

लहान खोलीविषयी थोडक्यात. तिची निगा हिवाळ्यात मोठीहून सोपी, कारण आत उणे अठरा हवेत आणि बाहेर कितीही गारठले तरी आपल्या गावी तेवढे होत नाही. दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. कॉइलवरचा बर्फ वितळून जे पाणी निघते त्याची नळी खोलीच्या आतून जाते. तिच्याभोवतीची हीटरची तार जळाली तर पाणी नळीतच गोठते, तबकातून ओसंडते आणि जमिनीवर काचेसारखा थर धरतो. गेल्या महिन्यात आमच्या एका भगिनी नारळाची पुडी आणताना घसरल्या त्या यामुळेच. फरशी पुसणाऱ्या मुलाला बोल लागला तो अन्यायाने. दुसरी गोष्ट दार आतून उघडण्याच्या खुंटीची. ती बाहेरून कुलूप असतानाही चालली पाहिजे. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस एकाने आत उभे राहावे, दुसऱ्याने बाहेरून दार लावावे, आणि आतल्याने खुंटी ढकलून बाहेर यावे. बाहेर एक माणूस उभा असल्याशिवाय हा प्रयोग करू नये. आपली खुंटी रविवारी जाम होती. तिला तेल घातले आहे.

राहता राहिली नोंदवही. ती आम्ही आणली आहे. अध्यक्षांच्या मेजावर निळ्या पुठ्ठ्याची दिसते ती. तापमापक दोन लावले आहेत, एक दाराजवळ, एक कॉइलच्या वाऱ्यासमोर, कारण माल गोठतो तो वाऱ्यासमोर आणि आपण आकडा पाहतो तो दाराजवळ. दोन्ही चोवीस तासांतले सर्वांत खालचे आणि सर्वांत वरचे तापमान राखून ठेवणारे आहेत. वहीत रकाने चार: वेळ, खालचे, वरचे, आणि पाहणाऱ्याचे नाव. ज्या दिवशी कोणी पाहिले नाही त्या दिवशी ‘पाहिले नाही’ असे लिहावयाचे. त्याबद्दल कोणी जाब विचारणार नाही. अशी अट आम्ही खजिनदारांकडून मान्य करून घेतली आहे. पाळ्यांचा तक्ता सूचनाफलकावर लावला आहे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमचे नाव आहे.

मिस्त्री उद्या सकाळी दहाला पंख्याच्या स्विचच्या तारा जोडावयास येणार आहेत आणि हीटरसाठी स्वतंत्र जोडणीही ओढणार आहेत. ज्यांना कॉम्प्रेसरच्या पोटाला हात लावून ती अँगीठी पाहावयाची असेल त्यांनी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने यावे. पुढच्या अंगणात पाण्याच्या टाकीचे काम चालू आहे.